लेखांक सहावा : गोदीतला खैर

रहिमतपुरात बसून समुद्रावर लिहायचं म्हणजे थोडं धाडसच. कोकण घाटाखाली, पण आपल्या कमंडलू नदीचं पाणी कृष्णेला मिळतं आणि सह्याद्रीकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागरात जातं. तरी पूर्वी समुद्र कुठवर होता हे कसं कळतं, ते सांगायला आपला आडच बरा.

गाठी मारलेली दोरी आडात सोडली. पूर्वी सातव्या गाठीला पाणी लागायचं, आता सहाव्यालाच लागतं. पाणी चढलं, की आडाचा काठच गाठभर खचला? नुसत्या दोरीवरून सांगता येत नाही. समुद्राचंही तेच. किनाऱ्यावर मोजता येते ती जमिनीच्या मानाने पाण्याची उंची.

मुंबईत १८७५ ते १८८० या काळात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाच्या जाड थराखाली झाडांचे बुंधे लागले. एकदोन नव्हे, मोजदाद ३८२ पर्यंत गेली. काही आडवे पडलेले, पण कितीतरी मुळांवर उभे, आणि तेही ओहोटीच्या रेषेच्या खाली. झाड खैराचं, ज्यापासून कात करतात ते. तिवर असता तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं, कारण तिवराला खारं पाणी चालतं. खैराला चालत नाही. वाहून आलेला ओंडका काहीही सांगू शकतो, पण मुळांवर उभा खैर एकच सांगतो: इथे कोरडी जमीन होती.

किती खाली होता समुद्र, ते मात्र खैर सांगत नाही. ‘माझ्या पायाखाली कुठेतरी’, एवढंच. इथे घाईने आकडा काढणाऱ्यांचा मला राग येतो. त्यासाठी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच घडणारी वस्तू हवी. खडकाला चिकटलेले कालवांचे पट्टे, किंवा शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू चुन्याने घट्ट होऊन बनलेला दगड. कोकणात त्याला करळ म्हणतात. त्यातल्या शिंपल्याचं वय कार्बन-१४ वरून काढता येतं. उंची आणि वय दोन्ही मिळालं की आलेखावर एक ठिपका पडतो. असे बरेच ठिपके जमले की कथा उभी राहते: सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जगाचा समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरांच्या आसपास खाली होता. बर्फ वितळला तसा तो चढला.

मग खैर बुडाला तो चढत्या पाण्याने, की खचत्या जमिनीने? एकट्या मुंबईच्या ठिपक्यावरून निकाल लागत नाही. शेजारच्या किनाऱ्यावर त्याच काळाची खूण वेगळ्या उंचीला सापडली, तर जमीन हलल्याचा संशय घ्यायचा, कारण शेजारी शेजारी समुद्र फारसा वेगळा वागत नाही.

गंमत म्हणजे अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदीही १८७८ पासूनच्या आहेत. ती आपली गाठींची दोरी. काठ खचतो का, हे पाहायला आता तिच्याशेजारी उपग्रहांचे संकेत ऐकणारं जीपीएस लागतं.

पुढच्या आठवड्यात करळ बघायला हर्णैला उतरू.