ओळखीचे खेळ

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात नवी मुले येतात. आपल्या वसईत कुणाच्या घरी सामवेदी बोलतात, कुणाच्या वाडवळी, वारली, नाहीतर हिंदी. म्हणून नवे मूल बोलायला बिचकते. त्यासाठी बाईंनी आम्हाला ३ खेळ शिकवले.

१) नावांची साखळी : गोल बसायचे. पहिल्याने आपले नाव सांगायचे. दुसऱ्याने त्याचे नाव घेऊन मग आपले. शेवटच्याला सगळ्यांची नावे घ्यावी लागतात! कुणी अडला तर शेजाऱ्याने हळूच सांगायचे, हसायचे नाही.

२) मामाचे पत्र : खेळ नेहमीचाच. फक्त ज्याने पकडले त्याचे नाव सांगायचे. नाही आले तर पुन्हा राज्य!

३) घरचा शब्द : बाई एका वस्तूचे नाव घेतात. घरी तिला काय म्हणतात ते प्रत्येकाने सांगायचे, मग सर्वांनी तो शब्द म्हणायचा. हा खेळ मला फार आवडतो. घरी वारली बोलणारी एक मुलगी १५ दिवस गप्पच होती. बाईंनी खेकडा म्हटले आणि तिचा शब्द कुणालाच येईना. मग तीच आमची गुरुजी झाली! आता मधल्या सुट्टीत ती आमच्यात जेवते.

पालकांनी घरी मुलांना जरूर विचारावे, "आज कुणाचं नाव कळलं?"