न तापणारं ऊन

फेब्रुवारी सरत आला की भद्रावतीतली वेल्डिंगची दुकानं रस्त्यावर सरकू लागतात. नागपूर-चंद्रपूर मार्गाच्या कडेला एरवी गेट, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसतात. आता तिथे कूलरचे स्टँड एकावर एक रचलेले असतात. कोणाच्या स्टँडचे पाय गंजले, कोणाला चाकं लावून हवीत, कोणाची खिडकी उंच म्हणून चार इंच वाढवून हवेत. मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकणाऱ्या या मुलखात कूलरचा हंगाम म्हणजे या धंद्याची दिवाळीच. मी ज्या दुकानात बसलो होतो ते लहानच. वर टिनाचं छत, दोन बाजूंना नवाकोरा चकचकीत पत्रा, समोर सगळं उघडं.

काम पाहायला सोपं वाटतं. एक इंची अँगलचे तुकडे कटरवर कापायचे, जमिनीवर चौकट मांडायची, गुण्या लावून कोपरा काटकोनात आणायचा आणि चारही कोपऱ्यांना आधी नुसता एकेक टॅक मारायचा. मग दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर पक्कं वेल्डिंग, नाही तर हातोडीचा एक ठोका आणि पुन्हा टेप. पातळ अँगलला बारा नंबरचा रॉड, जाडीच्या कामाला दहा नंबरचा. मिस्त्रींच्या उजव्या हातात होल्डर, डाव्या हातात काळी काच. रॉड लोखंडाला किंचित घासून उचलला की चर्र आवाज होतो आणि तो निळसर पांढरा उजेड पेटतो, ज्याच्यापुढे बाहेरचं दुपारचं ऊन मळकट दिसतं.

"तिकडं नोका पाहू जी, रात्रभर डोळे लागू देणार नाहीत," हे मिस्त्री दर गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाईक तरी पाहतंच. लहान पोरं तर बोटांच्या फटीतून पाहतात.

डोळ्यांचं दुखणं इथे सगळ्यांना ठाऊक आहे. काच न धरता पाहिलं की तेव्हा काही होत नाही. सहा-आठ तासांनी, साधारण झोपायच्या वेळेला, पापण्यांखाली वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. मग बटाट्याचे काप, गुलाबजल, ओली पट्टी. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा पेशींचा थर सोलून निघालेला असतो आणि तो एक-दोन दिवसांत आपला आपण भरून येतो. बटाट्याला त्याचं श्रेय मिळतं, ते मिळू द्यावं. माझं लक्ष मात्र डोळ्यांपेक्षा कातडीकडे होतं, कारण तिच्याबद्दल दुकानात कोणी फारसं बोलत नाही.

मिस्त्रींचा डावा हात जवळून पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढुरके ठिपके, कुठे तिळाएवढे, कुठे ज्वारीच्या दाण्याएवढे. हे ठिणग्यांचे व्रण. त्यांतल्या बऱ्याच ठिपक्यांची हकिकत त्यांना सांगता येते. हा शाळेच्या गेटच्या वेळचा, तो कोळसा खाणीतल्या डंपरचा फाळका जोडताना उडालेला. ठिणगी पडते तेव्हा चटका बसतो, हात झटकला जातो, शिवी निघते. पण त्यांच्याच गळ्याखाली, शर्टाची वरची दोन बटणं उघडी असतात तिथे, कातडीचा एक त्रिकोण छातीपेक्षा कितीतरी काळा, जाड आणि बारीक चिरांचा झाला आहे. "हा कधी झाला?" असं विचारलं तर उत्तर येतं, "हे तं असंच आहे." ज्याचा चटका बसला त्याची तारीख लक्षात आहे. ज्यानं खरा बदल केला त्याची नोंदच नाही.

कारण अतिनील किरण अंगावर पडले तर कळत नाहीत. कातडीला उष्णता कळते, डोळ्याला उजेड कळतो. जांभळ्याच्या पलीकडच्या या प्रकाशासाठी माणसाकडे कोणतंच इंद्रिय नाही. योहान रिटर या जर्मन संशोधकाला १८०१ साली त्याचा पत्ता लागला तोही डोळ्यांनी नव्हे. चांदीचा एक क्षार उजेडात काळा पडतो. सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यात तो ठेवला, तर जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना नुसता अंधार दिसत होता, तिथेच तो सर्वांत लवकर काळवंडला.

सूर्याकडून हे किरण तीन प्रकारचे निघतात. लांब लहरींचे ते 'ए', ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे. मधले 'बी', २८० ते ३१५चे. त्याहून आखूड ते 'सी'. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील प्रकाशात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास 'ए' असतो आणि उरलेला 'बी'. 'सी' मात्र पोहोचतच नाही, वरच्या वरच हवेतला प्राणवायू आणि ओझोन तो गिळून टाकतात. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या कातडीने जंगलात, शेतात, नदीकाठी लाखो वर्षं ऊन सोसलं, पण 'सी'शी तिची गाठ कधी पडली नव्हती. ती पडते अशा दुकानात. रॉडच्या टोकाशी तापमान पाच-सहा हजार अंशांच्या घरात जातं, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीने, आणि तिथून तिन्ही प्रकार बाहेर पडतात. मिस्त्रींची मान आणि तो छोटा सूर्य यांच्यामध्ये ओझोनचा थर नाही, हातभर हवा आहे. अॅल्युमिनियमचं काम अरगॉन वायूवर करतात तेव्हा कधीकधी एक तिखट वास येतो. तो ओझोनचाच. वर आकाशात जे किरण प्राणवायू फोडून ओझोन बनवतात, तेच इथे टिनाखाली तो बनवत असतात. फक्त इथे तो संरक्षण करत नाही, त्याने घसा खवखवतो.

शिकाऊ पोरगा अठरा-एकोणीसचा. त्याच्या मानेला मागच्या बाजूने कातडी सोलत होती, पापुद्र्यासारखी. आदल्या आठवड्यात तो मिस्त्रींकडे पाठ करून ग्राइंडर मारत बसला होता. त्याने स्वतः रॉड हातातही घेतला नव्हता. त्याच्या मागे उजेड आणि पुढे तो चकचकीत पत्रा, जो उजेड परत फेकतो. काम संपलं तेव्हा काही नाही. रात्री जेवताना कॉलर टोचायला लागली, सकाळी मान लाल. उन्हाने भाजतं तेही असंच, चार-पाच तासांनी रंग चढायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुरता चढतो. मधल्या वेळात कातडीत बरंच काही घडून गेलेलं असतं. किरण पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत शोषले जातात, साखळीतले शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटून बसतात. पेशी तो बिघडलेला तुकडा कापून नवा बसवते, ते काम ती तासन्‌तास करत राहते. बिघाड फारच झाला तर ती दुरुस्ती सोडून मरून जाते, आणि अशा पेशींचा पापुद्रा आठवड्याभरात निघतो. लाली ही रक्तवाहिन्या फुगल्याची. म्हणजे मान लाल दिसते तेव्हा आपण भाजणं पाहत नसतो, मागून चाललेली आवराआवर पाहत असतो.

"आमची चामडी काळी, आमाले काय होते?" हे त्या पोराचं म्हणणं, आणि ते निम्मं खरं आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांत जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो मेलॅनिनचे कण किती मोठे, किती गर्द आणि किती पसरलेले यांत. हे कण पेशीच्या केंद्रकावर वरच्या बाजूने छत्रीसारखे जमतात. सावळ्या कातडीत छत्री मोठी, म्हणून उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने कमी. पण छत्रीतून गळतं. त्यातून 'ए' खोलवर जातो, कातडीला ताण देणारे धागे सैल करतो, आणि पन्नाशीत चेहऱ्यावर वांग आणि सुरकुत्या उमटतात. वेल्डिंगच्या अतिनील किरणांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चितपणे कर्करोगकारक अशा गटात घातलं आहे, आणि २०१७ साली तिथल्या तज्ज्ञांनी वेल्डिंगच्या धुरालाही त्याच गटात नेऊन बसवलं. धूर निदान खोकवतो तरी.

इथून उत्तरेला वरोऱ्याजवळ आनंदवन आहे, बाबा आमटे यांनी १९४९ साली उभं केलेलं. कुष्ठरोगातल्या बधिर चट्ट्याला चूल, तवा, गरम कप लागतो आणि माणसाला कळत नाही, मग जखम वाढत जाते, हे या भागातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. अतिनील किरणांपुढे मात्र आपली सगळ्यांचीच धडधाकट कातडी तशी बधिर आहे. वेदना हा पहारेकरी तिथे ड्युटीवरच नसतो.

हेच किरण औषधही होतात, हे सांगायला हवं. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ सालचं नोबेल मिळालं. कोडावर आज दवाखान्यात ३११ नॅनोमीटरचा निवडक प्रकाश सेकंद मोजून देतात. आणि 'बी' नसेल तर कातडीत ड जीवनसत्त्व बनत नाही. पण मोजून दिलेला उजेड वेगळा आणि दिवसभर मानेवर सांडणारा वेगळा.

चंद्रपूरकराला उन्हाचं शिकवायची सोय नाही. कांदा खिशात, दुपट्टा डोक्याला, बारानंतर घरात, हे सगळं त्याला पाठ आहे. पण हे शहाणपण उष्णतेचं आहे. सर्वांत जास्त तापतं ते तीन-चारच्या सुमारास. अतिनीलचा माथा मात्र सूर्य डोक्यावर असताना, भद्रावतीत बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. मेच्या विशीत एक दिवस असा येतो की त्या वेळी उभ्या खांबाला सावलीच उरत नाही. चारनंतर हवा भट्टीसारखी असली तरी हे किरण बरेच ओसरलेले असतात. उलट फेब्रुवारीतल्या सुखद दुपारी, जेव्हा कोणी दुपट्टा घेत नाही, तेव्हा ते चांगलेच असतात. आणि दुकानात याला ऋतूच नाही. मे महिन्यात मिस्त्री पहाटे आणि रात्री काम करतात, उन्हाला चुकवून. रात्री नऊला स्टँड जोडताना त्यांच्या गळ्याच्या त्रिकोणावर भर दुपार असते.

उपाय पुस्तकात सोपे आहेत. चामड्याचं जाकीट, चेहऱ्यावर पूर्ण हेल्मेट, भोवती पडदा. "चामड्याचं घालून मे महिन्यात या टिनाखाली बसून दाखवा," असं मिस्त्री म्हणाले, आणि त्यावर मला उत्तर नव्हतं. उष्माघाताने माणूस एका दुपारीत जातो. तेव्हा निवड कशाची करायची हे त्यांना कळतं. पण काही गोष्टी उष्णतेशी भांडण न करता होतात. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो, म्हणून शिकाऊ पोराचं ग्राइंडर आता रस्त्याच्या टोकाला गेलं आहे. चकचकीत पत्र्यावर मिस्त्रींनी उरलेला काळा रंग फासून घेतला. ग्राइंडरचा साधा पारदर्शक प्लास्टिकचा चष्माही, तो पॉलिकार्बोनेटचा असेल तर, जवळजवळ सगळं अतिनील अडवतो. काळ्या काचेची जागा तो घेऊ शकत नाही, पण बाजूला बसणाऱ्याचं काम त्यावर भागतं. कापडाचं मात्र फसवं आहे. पातळ पांढरा सुती शर्ट घामाने भिजला की किरण आणखी आत सोडतो, आणि इथे मार्चनंतर शर्ट भिजलेलाच असतो.

यावरचा तोडगा मला दुकानातच दिसला. जुन्या जीनपँटचे पाय मांडीपासून कापून, वरच्या टोकाला नाडा ओवून केलेल्या बाह्या. कामाला बसताना चढवायच्या, उठताना ओढून काढायच्या, पाठ मोकळीच राहते. जीनच्या जाड विणीतून अतिनील फारसं आत येत नाही. मिस्त्रींनी त्या ठिणग्यांसाठी शिवल्या होत्या. गळ्याचं काय, असं विचारल्यावर त्यांनी पँटच्या कमरेचा उरलेला भाग उचलून पाहिला, इकडे तिकडे फिरवला आणि पोराला म्हणाले, "याले बटन लावून आण रे, शिंप्याकडून."