चौलचे जहाज आणि मेणवलीचे दप्तर

शिरवळ मागे टाकून नीरेकडे पाठ केली म्हणजे साताऱ्याची सडक खंबाटकीच्या घाटास लागते. घाट ओलांडल्यावर सुरुरापासून उजवीकडे फुटणारा रस्ता वाईवरून कृष्णाकाठच्या मेणवलीस जातो. तेथे नाना फडणिसांचा वाडा आहे. मेणवली दप्तर म्हणून विख्यात झालेले कागद याच वाड्यातले. आणि दर्यावर ज्याने कधी पाऊल ठेवले नाही, त्या कारभाऱ्याने परक्या आरमारांवर नजर कशी ठेवली, याचे मर्म अशा कागदांतच सापडते.

नानांची नजर म्हणजे वकील, अखबारनवीस आणि जासूद यांची साखळी होय. दरबारोदरबारचे वकील पत्रे लिहीत, जासूदांच्या जोड्या ती पुण्यास पोहोचवीत, आणि एकाच वर्तमानाची निरनिराळी बयाने ताडून पाहिल्यावाचून फडावर निर्णय होत नसे. बातमी मिळवणे हे कष्टाचे काम खरे; परंतु ती तोलणे हे प्रज्ञेचे काम, आणि नानांचे थोरपण मला या दुसऱ्या कामात दिसते.

सन १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ जहाजाने चौलास उतरला आणि फ्रान्सच्या बादशहाचा वकील म्हणून पुण्यास आला. त्याच्या अधिकाराविषयी संशयास पुष्कळ जागा होती. तरीही नानांनी त्याचा सत्कार केला. इंग्रजांचा पुण्यातील वकील मॉस्टिन हे सारे पाहून मुंबईस कळवीत होता. चौल बंदर फरासिसांच्या हवाली होणार, या आवईने मुंबईची आणि कलकत्त्याची झोप उडाली. शत्रूचे हेर आपल्यावर नजर ठेवून आहेत हे जाणून त्यांना काय दिसावे हेही आपणच ठरवावे, ही हेरगिरीची वरची पायरी नानांना अवगत होती. तिची किंमतही मोजावी लागली: १७७८ मध्ये फ्रान्स-इंग्लंड युद्ध पेटले, आणि फरासिसांच्या या धास्तीनेच कलकत्त्याच्या हेस्टिंग्जची फौज यमुना उतरून दक्षिणेकडे निघाली. मुंबईकर इंग्रजांनीही घाट चढला. परंतु जानेवारी १७७९ मध्ये वडगावास त्यांना शरणागतीचा तह करावा लागला.

पुढे १७८२ साली फ्रेंच सेनानी सुफ्रेनचे आरमार पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांशी झुंजू लागले, आणि जुलैत कडलूरास त्याची म्हैसूरच्या हैदराशी भेट झाली. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह मे महिन्यातच ठरला होता. तथापि नानांनी मान्यतेचा शिक्का डिसेंबरापर्यंत रोखून धरला. ७ डिसेंबरास हैदर वारला आणि पारडे फिरले. त्यानंतरच पुण्याने तहास रुकार दिला.

या काळची शेकडो पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून ऐतिहासिक लेखसंग्रहात छापली. ती वाचताना मनावर ठसते ते हेच की, ज्या राज्यापाशी महासागरात झुंजणारे आरमार नव्हते, त्याने जासुदाच्या पायांवर आणि कारकुनाच्या बोरूवर भिस्त ठेवून दर्यापारच्या युद्धाचा अदमास घेतला, आणि तो पुरा होईपर्यंत आपला शिक्का हातात धरून ठेवला.