कापडाच्या पंखांवर

सोलापूरच्या पूर्व भागात मागावर चढलेल्या ताण्यावरून बोटं फिरवली की खळीने सुतात आलेला ताठपणा जाणवतो. विणकर नजरेआधी बोटांनीच पारख करतो: कुठे सूत सैल पडलंय, कुठे तुटायला आलंय. पहिल्या महायुद्धातली लढाऊ विमानं मला इथेच नीट समजली, कारण ती कापडाची होती.

लाकडी सांगाड्यावर लिनन ताणायचं, पंखांच्या फासळ्यांना मेणाच्या दोऱ्याने टाचायचं, मग ब्रशने डोप फासायचा. डोप म्हणजे सेल्युलोजचं द्रावण. वाळताना ते कापडाला आक्रसून घेई आणि पंख ढोलकीच्या पुडीसारखा ताठ होई. उन्हाने लिनन कुजतं, म्हणून वर रंगाचा थर. गोळीने भोक पाडलं तर त्याच डोपने ठिगळ चिकटवायचं आणि विमान पुन्हा वर! पण डोप पटकन पेट घेई, आणि ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नव्हतं. १९१८ साली नीयूपोर २८ जातीच्या विमानांनी वेगाने सूर मारला की वरच्या पंखाचं कापड सोलून निघाल्याच्या घटना घडल्या. हवेतल्या त्या माणसाचा जीव जमिनीवरच्या कुणाच्या तरी टाक्यांवर होता, हे मला त्याच्या शौर्याइतकंच मोठं वाटतं.

अशा पंखांवर मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर लढला. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि एरोल सेन यांच्याबरोबर रॉयल फ्लाइंग कोअरमधल्या पहिल्या भारतीय वैमानिकांत त्याचं नाव येतं. आपण ते फारसं घेत नाही, याची मला खंत आहे.

त्याच्या २३ स्क्वाड्रनकडे सॉपविथ डॉल्फिन विमानं होती. त्यात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. वरचं आभाळ स्वच्छ दिसे, पण उतरताना विमान उलटलं तर आधी मानेवर बेतायचं. पुढच्या दोन व्हिकर्स मशिनगन फिरत्या पंख्यामधून मारा करत. पातं आड नसेल तेव्हाच गोळी सुटावी अशी यंत्रणा इंजिनाला जोडलेली असे. एखादं काडतूस सदोष निघालं की बंदूक अडकायची, म्हणून काही वैमानिक उड्डाणाआधी काडतुसं स्वतः तपासून घेत. वर गेल्यावर उघड्यावरची बोचरी थंडी, आणि मान सतत सूर्याकडे वळवणं. कारण शत्रू उन्हाच्या आडूनच यायचा.

२७ जून १९१८ रोजी वेलिणकर मोहिमेवर गेला तो परतला नाही. तीन दिवसांनी जर्मनांच्या कैदेत त्याचा मृत्यू झाला. फ्रान्समध्ये हाँगार इथल्या युद्ध दफनभूमीत त्याची कबर आहे.