तीन दिवस कारखाना, दोन दिवस कॉलेज

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्जटाउन नावाचे गाव आहे. टोयोटाचा जगातला सर्वांत मोठा मोटार कारखाना तिथे 1988 पासून चालू आहे. वेल्डिंगचे रोबो, पत्रा दाबणारे प्रेस, लांबच लांब कन्व्हेयर; यातले काहीही अडले की मागची सगळी लाइन खोळंबते. ती चालती ठेवायला कारखान्याला असा माणूस लागतो, ज्याला वायरिंग कळते, बेअरिंग बदलता येते, हायड्रॉलिक्सची गळती शोधता येते आणि यंत्रे चालवणाऱ्या संगणकाचा, म्हणजे पीएलसीचा, प्रोग्रॅमही वाचता येतो. जुने हात निवृत्तीला आले तसा हा चौरस गडी मिळेनासा झाला.

शेजारी ब्लूग्रास कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेज होते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची पदवी देणारी, कमी फीची, प्रवेशाला फारशी अट नसलेली सार्वजनिक संस्था. इलिनॉयमधले जोलिएट हे 1901 सालचे कॉलेज यांतले सर्वांत जुने. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने 1947 मध्ये अशी कॉलेजे गावोगाव काढा, असे सुचवले आणि आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. नुकती शाळा सुटलेली पोरे आणि नोकरी गेलेला चाळिशीतला बाप्या तिथे एकाच बाकावर दिसतात. निम्म्याहून अधिक जण शिकता शिकता कुठे ना कुठे राबत असतात, आणि ते राबणे बहुधा अभ्यासाशी संबंध नसलेले असते. बर्गर विकून आलेला मुलगा संध्याकाळी सर्किट शिकतो. मधेच शिक्षण सुटायला पुष्कळदा हीच ओढाताण कारण होते.

टोयोटा आणि ब्लूग्रास यांनी 2010 मध्ये नेमकी हीच गाठ सोडवली. ‘फेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस वर्गात बसतो आणि तीन दिवस कारखान्यात पगारी काम करतो. अशी पाच सत्रे, म्हणजे जेमतेम पावणेदोन वर्षे. उमेदवाराची निवड कंपनी करते आणि पगारही तीच देते. वेळेवर येणे, टापटीप, सहकाऱ्याशी बोलण्याची रीत यांकडेही अभ्यासाइतकेच काटेकोर लक्ष असते. बंद पडलेल्या यंत्रापुढे उभे राहून ‘का?’ हा प्रश्न मूळ कारण सापडेपर्यंत विचारत राहायचे आणि तो सगळा शोध मोजक्या जागेत मांडून वरिष्ठांपुढे उभ्याने समजावून सांगायचा, ही टोयोटाची जुनी सवय इथे अभ्यासक्रमाचाच भाग झाली आहे. पुढे इतर कारखानेही येऊन मिळाले. 2019 मध्ये टोयोटाने योजनेचा कारभार उद्योजकांच्या ‘मॅन्युफॅक्चरिंग इन्स्टिट्यूट’कडे सोपवला.

ब्रुकिंग्ज आणि ‘अपॉर्च्युनिटी अमेरिका’ या अभ्याससंस्थांनी 2020 मध्ये केंटकीतल्या फेमच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 80 टक्के जणांनी शिक्षण पूर्ण केले होते. पाच वर्षांनी त्यांची वार्षिक मिळकत 98 हजार डॉलरच्या आसपास होती, तर तुलनेला घेतलेल्या इतर विद्यार्थ्यांची सुमारे 53 हजार. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण ही मुले गणिताचे गुण आणि मुलाखत यांच्या चाळणीतून आलेली होती, त्यामुळे सगळे श्रेय योजनेच्या पदरात टाकता येणार नाही. शिवाय त्यांत बहुसंख्य गोरे पुरुषच होते. तरीही मला एक गोष्ट निर्णायक वाटते. पहिल्या दिवसापासून पगार मोजणारा मालक कॉलेजात काय शिकवले जाते याची चौकशी आपणहून करतो.

टेक्सासमधल्या कॉलिन कॉलेजने दुसरी वाट धरली. शेजारच्या रिचर्डसनमधला दूरसंचार उद्योग 2001 च्या पडझडीत होरपळला होता. फोन, संगणकजाळे आणि व्हिडिओ एकाच तारेवर येत होते, आणि पुस्तके मात्र तिन्हींची वेगवेगळी. कॉलेजांकडे उद्योजकांच्या सल्लागार समित्या असतातच. वर्षाकाठी एक बैठक, अल्पोपाहार, छान चालले आहे असा शेरा आणि इतिवृत्तावर सही. आपल्याकडे हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. कॉलिनमध्ये मात्र तिथल्या ॲन बेहेलर यांच्या पुढाकाराने समितीपुढे कौशल्यांची लांबलचक यादी ठेवली जाऊ लागली. येत्या एक ते तीन वर्षांत नवख्या तंत्रज्ञाला काय यायला हवे, यावर तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक ओळीओळीला गुण देतात. 4 म्हणजे शिकवलेच पाहिजे, 1 म्हणजे गाळले तरी चालेल. दोन कंपन्यांचे गुण जुळले नाहीत की तिथे खरी चर्चा सुरू होते आणि प्राध्यापक कान टवकारतात. मग ती यादी अभ्यासक्रमाशी ताडून कुठे काय बदलले हे समितीला परत कळवायचे. मला हा शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या गुणांचे पुढे काय झाले हे कळणारा माणूस पुढच्या बैठकीलाही येतो. या कामाला पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा, 1992 च्या कायद्यातून निघालेल्या योजनेचा.

घाईचे उदाहरण ॲरिझोनात आहे. चिप कारखान्यांसाठी 2022 मध्ये मेसा कम्युनिटी कॉलेजात दहा दिवसांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला चिप बनवणाऱ्या इंटेलची माणसे होती. धूळमुक्त क्लीनरूममधला डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा पोशाख कुठेही जमिनीला न टेकवता कसा चढवायचा, इथपासून धडे. उत्साह दांडगा होता. पण जुलै 2023 मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीने फीनिक्सच्या पहिल्या कारखान्यातले उत्पादन 2024 वरून 2025 वर ढकलले आणि ऑगस्ट 2024 मध्ये इंटेलने सुमारे 15 हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. कारखान्याचे वेळापत्रक कॉलेजच्या हातात नसते, आणि दहा दिवसांच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या उद्योगाचे दार सहसा उघडत नाही. जॉर्जटाउनचा तंत्रज्ञ टोयोटाने सोडला तरी साबणाच्या कारखान्यातही पीएलसी दुरुस्त करू शकतो.

आपल्याकडे 2007 मध्ये 1396 सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आली. संस्थेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योजकाकडे दिले. कर्ज सरकारचे आणि फेडायचे संस्थेने. अध्यक्षाच्या खिशातून काही जाण्याची सोय त्यात नव्हती. त्याच वर्षी टोयोटाने बंगळूरजवळच्या बिडदीत स्वतःची तीन वर्षांची निवासी प्रशिक्षण संस्था काढली, सरळ स्वतःच्या पैशाने.

अमेरिकेत आता 1 जुलै 2026 पासून आठ ते पंधरा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांनाही ‘पेल’, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीचे केंद्र सरकारचे अनुदान, मिळण्याची तरतूद झाली आहे. अट अशी, की 70 टक्के विद्यार्थ्यांनी तो पूर्ण करावा आणि 70 टक्क्यांना नोकरी लागावी. मालकांची गरज भागते आहे, असा निर्वाळा राज्याच्या गव्हर्नरने द्यायचा. आकडा हुकला तर अनुदान कॉलेजच्या अभ्यासक्रमाचे जाणार. त्या मालकांना मात्र त्याची तोशीस नाही.