गाल काढला म्हणजे माणूस संपला नाही

तोंडाच्या कॅन्सरचे नाव निघाले की घरातून पहिला प्रश्न येतो, "गाल काढला तर चारचौघांत बसायचे कसे?" मेहकर, चिखली, खामगावकडील रुग्णांचे कागद करून देताना आम्ही तो नेहमी ऐकतो. या भीतीपोटी फोड लपवला जातो आणि मोलाचे महिने वाया जातात. म्हणून सांगतो, काढलेली जागा भरून देणारी शस्त्रक्रिया आहे.

डॉक्टर तिला 'फ्लॅप' म्हणतात. बहुधा छातीचा स्नायू कातडीसह उचलतात. त्याची रक्तवाहिनी मात्र तोडत नाहीत. तो मानेच्या कातडीखालून वर नेऊन गालात शिवतात. स्वतःचे रक्त मिळत असल्याने तो जगतो. ही पद्धत डॉ. स्टीफन एरियन यांनी १९७९ साली मांडली. जबडा काढला तर पोटरीतील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून बसवतात. शरीराचा भार शेजारच्या मोठ्या हाडावर असल्याने रुग्ण पुढे चालू शकतो.

आपल्या मातीला ही विद्या नवी नाही. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत कावसजी नावाच्या बैलहाक्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून ते पुन्हा उभे केले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ साली ही हकिकत छापली. युरोपातील डॉक्टर ती वाचून शिकले. विद्या श्रमकऱ्याच्या हातात होती!

खोटी आशा मात्र देऊ नये. चेहरा हुबेहूब पूर्वीसारखा होत नाही. काही दिवस नाकातील नळीने अन्न द्यावे लागते. फ्लॅप काळानिळा पडला तर लगेच सांगावे. छातीच्या कातडीचे केस तोंडात वाढू शकतात. बोलणे जड होते, तोंड उघडण्याचा व्यायाम नेटाने करावा लागतो. पण घोटभर पाणी न सांडता पिता येते, हे लहान सुख नाही.

गाठ लहान असतानाच गेलात तर कमी कापावे लागते. कधी फ्लॅपचीही गरज पडत नाही. तीन आठवड्यांत न भरणारा फोड, पांढरा वा लाल चट्टा, तीन बोटे न मावणारे तोंड, यांपैकी काहीही दिसल्यास सरकारी दवाखाना गाठा. शस्त्रक्रिया ठरल्यास रेशनकार्ड व ओळखपत्र घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

खर्रा-गुटखा आजच टाका. आणि ऑपरेशन झालेल्या बंधू-भगिनीला लग्नकार्यात कोपऱ्यात नव्हे, आपल्या पंगतीत शेजारी बसवा.