फोनवर भारी वाजणारा ट्रॅक डीजेवर का फाटतो? घरी म्युझिक बनवणाऱ्यांनी पुढे काय शिकायचं

गेल्या गणपतीत मी पुण्याहून घरी, नवीन जालन्यात आलो होतो. माझा चुलतभाऊ बारावीला आहे. वर्षभरापासून तो फोनवर, एफएल स्टुडिओ मोबाईलमध्ये बीट बनवतो. हलगी आणि संबळ घालून त्याने एक ट्रॅक केला होता. इअरफोनवर मला ऐकवला, खरंच भारी होता. मंडळाच्या पोरांनी तो विसर्जनाच्या गाडीवर लावला आणि वीस सेकंदांत सगळी मजा गेली. बेसचा नुसता घुंऽऽ आवाज, संबळ गायब, हलगी फाटलेली. ऑपरेटरने गाणं बदललं.

रात्री जेवताना तो गप्पच होता. नंतर गच्चीवर म्हणाला, "दादा, फोनवर तर नीट वाजत होतं. आता पुढं काय शिकू? प्लगइन घेऊ का?" त्याने यादीसुद्धा करून ठेवली होती. दोन प्लगइन आणि एक ऑनलाईन कोर्स, मिळून अठरा हजार. माझे काका एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला आहेत. अठरा हजार म्हणजे त्यांच्या घरात काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, संगीतकार नाही. कॉलेजात असताना दोन वर्षं असेच बीट बनवायचो, तेवढाच अनुभव. पण कोड असो की गाणं, आधी बग शोधायचा आणि मग टूल विकत घ्यायचं. आम्ही ती फाईल उघडून बसलो. तीन बग सापडले. एकासाठीही रुपया लागला नाही.

बग १: आवाजाला वर जागाच ठेवली नव्हती

डिजिटल ऑडिओत आवाजाची वरची हद्द म्हणजे ० डेसिबल. त्याच्या वर काही साठवताच येत नाही. तुम्ही फेडर आणखी वर ढकलला तर लाटेची टोकं छाटली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि आपण म्हणतो 'आवाज फाटला'. भावाच्या ट्रॅकमध्ये मास्टरचा मीटर सतत लाल होता. इअरफोनवर हलकं फाटणं कळत नाही. गाडीवरच्या स्पीकरवर तेच शंभरपट होऊन येतं.

उपाय सोपा आहे. सगळे फेडर पूर्ण खाली घ्या. आधी फक्त किक वर आणा, साधारण उणे १० डेसिबलपर्यंत. मग एकेक वाद्य कानाने जुळवत जा. सगळं वाजत असताना मास्टरचा सर्वात वरचा आकडा उणे ६च्या आसपास राहू द्या.

"मग आवाज कमी नाही का येणार?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. येईल, पण ऑपरेटरकडे आवाज वाढवायचं बटण असतंच. ऑनलाईन टाकणार असाल तर स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या पातळीला आणतं. लफ्स म्हणजे कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप. यूट्यूबही जास्त मोठं गाणं खाली आणतं. म्हणजे दाबून दाबून मोठा केलेला ट्रॅक तिथे खाली येतो, फाटलेपण मात्र तसंच राहतं.

बग २: जे ऐकूच येत नव्हतं, तेच वाढवत होता

फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. ५०-६० हर्ट्झचा खोल आवाज त्यातून जवळजवळ निघतच नाही. वरच्या आवाजांवरून मेंदू अंदाज बांधतो, म्हणून बेस 'असल्यासारखा' वाटतो. भाऊ फोनच्या स्पीकरवर मिक्स करायचा. बेस कमी वाटला की वाढवायचा, पुन्हा कमी वाटला की पुन्हा वाढवायचा. गाडीवर मोठमोठे बेस लागले आणि इतके दिवस लपून बसलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

त्यात किक, ८०८ बेस आणि हलगीच्या रेकॉर्डिंगमधली घरघर, तिघं एकाच खोलीत भांडत होते. इथे इक्यू कामाला येतो. इक्यूमध्ये 'हाय पास' किंवा 'लो कट' नावाचा फिल्टर असतो. तो ठरवलेल्या आकड्याच्या खालचा आवाज काढून टाकतो. हलगी, गाण्याचा आवाज, टाळ्या यांना ८० ते १०० हर्ट्झच्या खाली काही काम नसतं. तिथे कट लावा. तळाची जागा फक्त किक आणि बेसला द्या. ते दोघंही भांडत असतील तर 'साइडचेन' शिका. त्यात किक वाजते त्या क्षणापुरता बेस आपोआप खाली बसतो.

आणि एक सवय लावा. तुम्हाला पाठ असलेलं एखादं गाणं प्रोजेक्टमध्ये बाजूला ठेवा. दर दहा मिनिटांनी तेवढ्याच आवाजात ते ऐका, मग आपलं ऐका. फरक कुठे आहे ते कान स्वतः सांगतो.

बग ३: संबळ कुठे गेलं?

हा बग मला सर्वात आवडला. भावाने संबळावर 'वायडनर' इफेक्ट लावला होता. इअरफोनवर संबळ दोन्ही बाजूंनी घुमत होतं. असे बरेचसे इफेक्ट डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळ्या, कधी अगदी उलट लाटा पाठवून काम करतात. गाडीवरची सिस्टीम मोनोत चालवली होती, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र मिसळलेल्या. एक जण गाडी पुढे ढकलतोय आणि दुसरा तेवढ्याच जोराने मागे, तर गाडी जागची हलेल का? संबळाचं तेच झालं. दोन लाटांनी एकमेकांना खाऊन टाकलं.

म्हणून ट्रॅक संपवायच्या आधी एकदा मोनो करून ऐका. काही गायब झालं, तर त्याच्यावरचा इफेक्ट काढा. किक आणि बेस तर कायम मध्यभागीच ठेवा.

आता खरंच पुढे काय शिकायचं?

बग गेले. पण त्याचा मूळ प्रश्न बरोबर होता. बीट बनवायला लागून सहा महिने-वर्ष झालं की प्रत्येकाला वाटतं, आता पुढची पायरी कोणती? माझ्या मते क्रम असा.

पहिलं, पट्टी ओळखा. ८०८ हा नुसता दणका नसतो, त्याला सूर असतो. गाणं एका पट्टीत आणि बेस दुसऱ्या, तर कितीही इक्यू लावा, कानाला खटकणारच. त्यासाठी परदेशी कोर्स लागत नाही. गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका असतात, त्यांना विचारा. ते 'काळी चार' म्हणाले, तर ॲपमध्ये ते 'जी शार्प'. 'पांढरी एक' म्हणजे 'सी', 'काळी एक' म्हणजे 'सी शार्प', 'पांढरी पाच' म्हणजे 'जी'. काळी चारचा खालचा बेस साधारण ५२ हर्ट्झला येतो. भावाचं गाणं काळी चारमध्ये होतं आणि ८०८ पांढरी पाचवर. एक घर सरकवलं आणि ट्रॅक एकदम स्वच्छ झाला.

दुसरं, वेळ समजून घ्या. १२८ बीपीएमला एक ठोका ६० भागिले १२८, म्हणजे सुमारे ४६९ मिलिसेकंदांचा. त्याचा चौथा भाग ११७ मिलिसेकंद. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज कित्येकदा १५०-२०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे तुम्ही पॅड बरोबर वाजवताय, पण ऐकताय एका घराहून जास्त उशिरा. बोटं बिघडलेली नसतात, वायर नसते! शंभर-दीडशेचा वायरवाला इअरफोन घ्या. आणि हलगी वाजवली की लगेच क्वांटाइझ दाबू नका. सगळे ठोके रेघेवर बसवले की हलगी मशीन होते. हलगीवाला किंचित पुढे-मागे वाजवतो, त्यातच तर नाचायला लावणारी लय असते.

तिसरं, स्वतःचे आवाज रेकॉर्ड करा. तेच ते फुकट सॅम्पल पॅक लाखो लोकांकडे आहेत. दुकानाचं शटर, सळई फरशीवर पडल्याचा आवाज, कुंडलिकेच्या पुलावरून जाणारी गाडी, हे तुमच्याकडे आहे. ॲपमध्ये सोय असेल तर वेव्ह फॉरमॅट आणि ४४.१ किलोहर्ट्झ निवडा. मित्राला पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते.

चौथं आणि सर्वात अवघड, गाणं पूर्ण करा. भावाच्या फोनमध्ये एकतीस प्रोजेक्ट होते आणि पूर्ण फक्त दोन. बाकी सगळे आठ मात्रांचे लूप. यावर एक व्यायाम आहे. आवडतं गाणं लावा आणि वहीत लिहा, किती सेकंदाला काय आलं, काय गेलं. मग तोच आराखडा आपल्या ट्रॅकला लावून बघा. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून आलं आणि मराठीबाहेरही वाजलं. हाऊस बीटवर सरळ मराठी शब्द. वही घेऊन ते ऐका. एका वेळी किती थोड्या गोष्टी वाजतात आणि प्रत्येक गोष्ट स्वच्छ कशी ऐकू येते, ते लक्षात येईल.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो

एक, दुसऱ्याच्या गाण्यातून आवाज वेगळा काढणं आता सोपं झालंय. डीझरने २०१९ मध्ये स्प्लीटर हे टूल मोफत खुलं केलं आणि आता फोनवरही अशी ॲप्स आहेत. शिकण्यासाठी ठीक. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, तिन्हींवर वेगवेगळे हक्क असतात. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तो आवाज पकडू शकते आणि कमाई मूळ मालकाकडे जाऊ शकते. त्यापेक्षा गाणाऱ्या मित्राला चहा पाजा आणि त्याचा आवाज रेकॉर्ड करा.

दोन, कान. विसर्जनाच्या रात्री भाऊ बेसच्या अगदी समोर उभा होता. त्यानंतर दोन दिवस त्याच्या कानात शिट्टी वाजत होती. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. (हे हवेतल्या आवाजाचे डेसिबल, ॲपच्या मीटरवरचे नव्हेत.) कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. फोनचा बॅकअप असतो, कानाचा नाही. मिक्स हळू आवाजात करा, तासाला दहा मिनिटं कान मोकळे ठेवा आणि मिरवणुकीत स्पीकरपासून लांब उभे राहा.

भावाने अठरा हजारांची यादी काकांना दाखवलीच नाही. डिसेंबरमध्ये आमच्या आतेबहिणीची हळद होती. तिथे त्याने तोच ट्रॅक दुरुस्त करून लावला. तीन मिनिटं दहा सेकंद, शेवटपर्यंत वाजला. काका मांडवाच्या कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "संबळ छान वाजवलंय कोणीतरी." त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा अर्धा ट्रॅक पडलेला असेल. आज रात्री तो उघडा, फेडर खाली घ्या, एकदा मोनो करून ऐका आणि काय गायब होतंय ते वहीत लिहा. पुढे काय शिकायचं, ते त्या यादीतच मिळेल.